किनुयोच्या अंगणातली रानस्ट्रॉबेरी

किनुयोच्या आईला धुळीचा भारी राग. आणि तो उगाच नव्हता. कुनाशिरी बेटावर त्यांचं घर अगदी समुद्राला लागून. पुढे गोट्यांचं लांबरुंद अंगण, आणि उन्हाळाभर त्या गोट्यांवर कोंबू वाळत घातलेला. माणसाच्या दुप्पट लांबीचे, काळपट, चामड्यासारखे समुद्रशेवाळाचे पट्टे. ओल्या कोंबूवर माती उडून बसली की मग काही केल्या निघत नाही, सगळी मेहनत पाण्यात. बाकीच्या बायका अंगणाकडेची माती पाणी मारमारून दाबायच्या. हात्सुएनं, म्हणजे किनुयोच्या आईनं, टेकाडावरून रानस्ट्रॉबेरीची रोपं उपटून आणली आणि घर नि अंगण यांच्यामधल्या सगळ्या उघड्या मातीत लावून टाकली.

ही स्ट्रॉबेरी कुणी मुद्दाम पेरत नाही. तीन-तीन पानांची, जमिनीला चिकटून राहणारी, पांढऱ्या फुलांची. फळ करंगळीच्या नखाएवढं. पण तिच्या अंगातून लालसर दोरे निघतात, दोरा जिथे टेकेल तिथे मूळ धरतो, तिथून पुढचा दोरा. दोन उन्हाळ्यांत हात्सुएच्या दारात माती दिसेनाशी झाली. शेजारणी म्हणायच्या, "हात्सुएनं अंगणाला सतरंजी घातली." त्या सतरंजीवर पोरांनी चपला घालून चालायचं नाही, असा तिचा कायदा होता. किनुयो आणि तिचा धाकटा भाऊ कोकिची अनवाणी उड्या मारत जायचे. जुलैत तळवे लाल व्हायचे, मग गोट्यांवर लाल पावलं उमटायची, आणि मग बोलणी बसायची.

कोकिचीच्या जन्माच्या वर्षी वडील समुद्रात गेले ते परत आले नाहीत. युद्ध संपलं तसे बेटावर रशियन सैनिक आले, मागोमाग त्यांच्यातली बायकामुलं आली. दोन वर्षं एकाच छपराखाली दोन कुटुंबं राहिली. मग सत्तेचाळीसच्या शरदात सांगितलं गेलं की जपानी माणसांनी बेट सोडायचं. हात्सुए दोन पोरांना आणि आपल्या भावाच्या कुटुंबाला घेऊन जहाजात चढली. जहाज थेट पलीकडच्या होक्काइदोला गेलं नाही. आधी उत्तरेला माओका बंदरात नेलं, तिथे एका शाळेच्या इमारतीत शेकडो माणसं परतीच्या जहाजाची वाट बघत पडून होती. तिसऱ्या आठवड्यात हात्सुएला ताप भरला. पाचव्या दिवशी ती गेली. किनुयो अकरा वर्षांची होती, कोकिची चार.

मामानं दोघांना होक्काइदोला आणलं, शिबेत्सू गावात ओळखीच्या एका मासेमाराकडे आसरा मिळाला. मामाची स्वतःची पाच पोरं. पुढच्या वसंतात कुशिरोच्या एका निपुत्रिक जोडप्यानं कोकिचीला मागून घेतलं. गाडीत बसताना तो रडला नाही. त्याला वाटलं, संध्याकाळी परत यायचं आहे. खिडकीतून त्यानं विचारलं, "ताई, तू पुढच्या डब्यात आहेस ना?" किनुयो "हो" म्हणाली. ते "हो" तिला जन्मभर टोचत राहिलं.

शिबेत्सूहून कुनाशिरी दिसतं. हवा स्वच्छ असली की डोंगराच्या घळीसुद्धा मोजता येतात. गावातली बेटावरून आलेली म्हातारी माणसं धक्क्यावर जाऊन तासन्‌तास तिकडे बघत बसायची. किनुयो जायची नाही. ती सॅमन मासे साफ करायच्या शेडमध्ये लागली, गाबोळी मिठात घालायला शिकली, आणि बाविसाव्या वर्षी तोराओ नावाच्या मासेमाराशी तिचं लग्न झालं.

लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, शेडवरून घरी येताना, रेल्वेच्या रुळांशेजारच्या भरावावरून चालत असताना तिचे पाय एकदम थांबले. वास आला. आधी वास, मग फळ, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती गवतात वाकली. तीन पानं, लाल दोरे, पांढरं उशिराचं एखादं फूल, आणि पानांखाली ती फळं.

तिनं एक तोंडात टाकलं. आणि तिला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. अकरा वर्षं ती समजत होती की हे फक्त तिकडचं आहे, समुद्रापलीकडे राहिलंय, आईबरोबर गेलंय. आणि ते इथे, रोज लोक ज्याच्या बाजूनं जातात त्या भरावावर, कुणाचीही पर्वा न करता वाढत होतं. ती तिथेच बसून रडली. मग डोक्याचा रुमाल सोडून त्यात आठ रोपं मुळांसकट बांधून घरी आणली.

सासू त्सुने ओसरीवर मुळे निवडत होती. "काय आणलंस?"

"स्ट्रॉबेरी, आई. रानातली. दारापुढे लावते, माती उडायची नाही."

"सापाची स्ट्रॉबेरी ती! ती लावली की साप येतात घरात."

"सापाचीला पिवळं फूल असतं. हिचं पांढरं बघा."

"सापाला काय रंग कळतो?" त्सुने म्हणाली. "आणि जमीन बटाट्याची आहे, सूनबाई. पोटाला लागतं ते लावायचं."

किनुयोनं तरी लावली. आठ दिवसांनी ती शेडवरून आली तेव्हा रोपं रस्त्याकडेला उपटून टाकलेली होती. तिनं ती उचलली, आणि न्हाणीघराच्या मागे, सरपणाच्या राशीपलीकडे नेऊन लावली. तिथे ऊन अर्धवेळच, बटाटे होत नाहीत, आणि त्सुनेचे गुडघे दुखत असल्यामुळे ती तिकडे फिरकत नसे. स्ट्रॉबेरीला अर्धं ऊन पुरतं. थंडीत तिच्यावर हात-दीड हात बर्फ पडून राही, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळला की खालून ती हिरवीच्या हिरवी निघे.

मग जे सुरू झालं ते सोळा वर्षं चाललं. स्ट्रॉबेरी न्हाणीघराला वळसा घालून दोरे पुढे सोडायची, त्सुने पुढून उपटायची, स्ट्रॉबेरी मागून यायची. दोघी बायका त्यावर एक शब्द बोलत नसत. तोराओ एकदा जेवताना म्हणाला, "आमच्या घरात एक लढाई चाललीय, पण तोफा कुठे ऐकू येत नाहीत." त्यावर आईनं आणि बायकोनं मिळून त्याला गप्प केलं.

दर वर्षी पहिली वाटीभर फळं किनुयो घरात पूजेला ठेवलेल्या, आईच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे ठेवायची. आईचा फोटो नव्हता. दुसरी वाटी ती कोकिचीसाठी काढायची, आणि दर वर्षी ती तिलाच खावी लागायची, कारण हे फळ टिकत नाही. सकाळी तोडलं तर संध्याकाळी त्याचं पाणी होतं. टपालानं पाठवायची सोयच नाही. कोकिची आता कुशिरोच्या कागद कारखान्यात कामाला होता, त्यानं लग्न केलं, मुलगी झाली. नव्या वर्षाला तो यायचा, ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत यायचा. जुलैत कधीच नाही. बसायचा नीट, बोलायचा नीट, पाहुण्यासारखा. किनुयोनं आईचा विषय काढला की म्हणायचा, "ताई, मला खरंच काही आठवत नाही गं." आणि मग चहाकडे बघत राहायचा. त्याच्या नव्या आईवडिलांनी त्याला चांगलं वाढवलं होतं, तक्रारीला जागा नव्हती. म्हणूनच किनुयोला कुणाकडे तक्रार करता येत नसे.

चौऱ्याहत्तर साली त्सुनेला झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तिचं सगळं किनुयोनंच केलं. जुलैतल्या एका दुपारी खिडकी उघडी होती.

"कसला वास येतोय?" अंथरुणावरून त्सुने म्हणाली. जीभ जड झाली होती, पण बोलणं कळायचं.

"कुठे काय, आई."

"खोटं बोलू नकोस. गोड वास येतोय. तीन दिवस येतोय."

किनुयो मागे गेली, ओंजळभर घेऊन आली, एक फळ कुस्करून सासूच्या ओठांत दिलं. त्सुनेनं डोळे मिटले. बराच वेळ ती ते एवढंसं फळ तोंडात घोळवत राहिली. मग डोळे उघडून म्हणाली, "सोळा वर्षं तू हे एकटी खात होतीस?"

"तुम्हीच तर उपटत होता!"

"मी उपटत होते तर तुला एक जबरदस्तीनं माझ्या तोंडात घालायला काय झालं होतं? मेली मुकी सून!"

दोघी हसायला लागल्या. हसता हसता त्सुनेला ठसका लागला, किनुयोनं तिची पाठ चोळली. त्या जुलैत रोज एक वाटी आत जात होती. नोव्हेंबरात त्सुने गेली. पुढच्या वसंतात किनुयो बटाट्याच्या वाफ्यापुढे फावडं घेऊन उभी राहिली, आणि तिला जमेना. ती जागा तिनं तशीच ठेवली. पण स्ट्रॉबेरी कुणाची वाट बघत नव्हती. तीन वर्षांत तिनं वाफा झाकला, मग पायवाटेच्या फरशांमधल्या फटी, मग जाळी वाळवायच्या खांबांची मुळं. गावात अंगणातलं गवत कुणी उपटायचं यावरून घरोघरी भांडणं व्हायची, किनुयोच्या अंगणात गवताला शिरायला जागाच नव्हती. तोराओची कुरकुर वेगळी होती. "माझ्या जाळ्यांना बाळाच्या तोंडासारखा वास येतो. मासे हसतील मला." पण जाळी पसरताना तो आधी वाकून पिकलेली फळं बाजूला तोडून ठेवायचा, हे किनुयोनं पाहिलं होतं.

नव्वदनंतर बेटावर जायची वाट थोडी उघडली. जुन्या रहिवाशांना गटागटानं, चार दिवस, कबरींच्या दर्शनाला. किनुयोनं त्र्याण्णव साली नाव दिलं आणि कुशिरोला फोन केला.

"कोकिची, चल. दोघं जाऊ."

पलीकडून तो म्हणाला, "मी काय करू येऊन? मला तिथलं काही दिसणार नाही. तुला सगळं दिसेल. मी नुसता उभा राहीन."

"नुसता उभा राहा. मला तेवढं पुरे."

"कारखान्यात सुट्टी मिळत नाही, ताई."

ती एकटीच गेली. घर नव्हतं. घराच्या चौथऱ्याचे चार दगड होते, विहिरीच्या जागी खड्डा होता. आणि त्या चौथऱ्यापासून खाली समुद्रापर्यंत, जिथे गोट्यांचं अंगण होतं तिथे, सगळीकडे स्ट्रॉबेरी. सेहेचाळीस वर्षं तिला कुणी अडवलंच नव्हतं. दगडांवर चढली होती, गोट्यांच्या फटींतून उतरली होती, होडीच्या एका गंजलेल्या नांगराच्या कडीतून आरपार गेली होती. किनुयोनं बूट काढले, मोजे काढले. सत्तावन्न वर्षांची बाई सगळ्या गटादेखत त्या हिरवळीत अनवाणी चालत गेली आणि मधोमध बसली.

शेजारच्या घरातली ल्युबा नावाची रशियन बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं ती आत गेली आणि एक पत्र्याची वाटी घेऊन आली, किनुयोच्या शेजारी बसून तीही तोडायला लागली. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. वाटी भरल्यावर ल्युबानं ती किनुयोच्या मांडीवर ठेवली. गटाचा पुढारी लांबून ओरडत होता, "रोप, बी, माती, काहीही बरोबर घ्यायचं नाही हं! तपासणीत अडकाल!" किनुयोनं काही घेतलं नाही. वाटी संपेपर्यंत खात राहिली. चव शिबेत्सूच्या फळासारखीच होती, तसूभरही फरक नाही. तिला वाटलं होतं की इथे आल्यावर आई जरा जवळ वाटेल. पण तिथे नुसती जागा होती, सुंदर आणि भरगच्च, आणि जिच्याशी याबद्दल बोलायचं ती व्यक्ती कुशिरोत कारखान्याच्या पाळीवर होती.

तोराओ दोन हजार अकरा साली गेला. मुलगा साप्पोरोला. किनुयो अंगण सांभाळत राहिली. शरदात लाल झालेली पानं ती तशीच राहू द्यायची, वसंतात जुनी पानं हलक्या हातानं विंचरून काढायची, किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ पावसात धुऊन मुळांशी पसरायची. शेजारपाजारच्या चार घरांत तिच्याकडची रोपं गेली. तिला काही कमी नव्हतं, असं लोक म्हणायचे.

दोन हजार एकोणीस साली कोकिचीची बायको वारली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, न कळवता, तो बसनं शिबेत्सूला आला. शहात्तर वर्षांचा, पाठीत वाकलेला. दाराशी येऊन म्हणाला, "घरात बसवेना, ताई."

किनुयोची एकदम धांदल उडाली, कारण अंगण पिकून लाल झालं होतं. सत्तर वर्षांत तो पहिल्यांदा फळांच्या दिवसांत आला होता. तिनं त्याला बसूसुद्धा दिलं नाही. हाताला धरून खाली नेलं, वाकवलं, पान उचलून दाखवलं, एक फळ तोडून त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

त्यानं खाल्लं. "छान आहे," तो म्हणाला. "जरा आंबट."

"आणि?"

"आणि काय? बिया दातांत जातात."

किनुयोनं मान वळवली. इतकी वर्षं जे एक फळ ती त्याच्यासाठी राखून ठेवत होती, ते आंबट निघालं. "चल आत," ती म्हणाली. "चहा टाकते."

चहा म्हणजे साधा चहा नव्हता. साधा संपला होता, आणि तिला दुकानात जायचं त्राण उरलं नव्हतं. फुलं यायच्या आधी तोडून सावलीत वाळवलेली स्ट्रॉबेरीची पानं ती थंडीत उकळून प्यायची, तीच डब्यातून काढून किटलीत टाकली. कप कोकिचीच्या पुढे ठेवला. त्यानं उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि थांबला.

"हे काय आहे?"

"पानं. त्याच स्ट्रॉबेरीची."

"हे आई प्यायची," कोकिची म्हणाला.

किनुयो खाली बसली. माओकाच्या शाळेत पाण्याला गंजाचा वास यायचा. हात्सुएनं गाठोड्यात वाळलेल्या पानांची पिशवी आणली होती, तीच ती उकळून प्यायची. किनुयोनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते वाटलंच नव्हतं.

"तुला आठवतं?"

"एवढंच आठवतं." कोकिचीचा आवाज लहान झाला होता. "लाकडी जमीन होती. ती माझ्याकडे पेज सरकवायची. म्हणायची, मी हे पिते, माझं पोट भरलं. आणि मी खायचो, ताई. तिची पेज मी रोज खायचो. मग ती गेली. मी खाल्ली म्हणून गेली. हे मी तुला कसं सांगणार होतो? तू आईचं नाव काढलंस की मला वाटायचं, आता तू विचारशील."

किनुयो टेबलावरून पुढे वाकली. मग तिनं त्याच्या पाठीवर जोरात एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी.

"गाढवा! अर्धी तू खायचास. उरलेली अर्धी कोण खायचं?"

कोकिचीनं वर पाहिलं.

"मी. तू झोपलास की आई मला द्यायची. मी अकरा वर्षांची घोडी, मला सगळं कळत होतं, तरी खायचे. तुला चार वर्षांचं पोर म्हणून माफ असेल. मला कोण माफ करणार? मी देवाचे आभार मानत होते की तुला काही आठवत नाही!"

दोघं म्हातारी माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसून रडली. किटली गार झाली. मग कोकिचीनं नाक पुसून विचारलं, "आता ती फळं अजून एकदा दे बघू." यावेळी तो मुकाट्यानं वाटीभर खाऊन बसला. आठवण काही आली नाही. पण त्यानं आईची एकेक गोष्ट विचारून घेतली. उंच होती का, गायची का, रागावली की काय म्हणायची. चार दिवस किनुयो सांगत होती. केस कसे बांधायची, तेही तिनं दोरी घेऊन दाखवलं.

जाताना वर्तमानपत्रात गुंडाळून बारा रोपं त्यानं नेली, सदनिकेच्या गॅलरीत लावायला. वर्षभरानं फोन आला.

"पानं बघ गुडघ्याएवढी झालीत, फूल एक नाही."

"खत घातलंस?"

"घातलं की. दर आठवड्याला."

"मूर्खा, ती रानातली आहे! लाडावली की नुसती पानं करते. उपाशी ठेव जरा."

"तू आईसारखी बोलतेस की काय?"

"आईसारखीच. तिनं एव्हाना तुला कुंडीसकट बाहेर काढलं असतं."

मग दर वर्षी मेच्या शेवटापासून रोज सकाळी सात वाजता फोन यायचा. आज चार फुलं. आज नऊ. एक फळ कावळ्यानं नेलं. सत्तर वर्षांचं राहिलेलं बोलणं ते दोघं फुलांच्या हिशेबानं बोलत होते. अधूनमधून तो एकदम विचारायचा, "आईचे हात गार होते का गं?" आणि ती सांगायची, "कोंबू काढून आल्यावर गार. एरवी नाही." अशी चार वर्षं मिळाली. ती फार थोडी होती.

चोवीस सालच्या मार्चमध्ये कोकिची झोपेतच गेला. किनुयो अठ्ठ्याऐंशीची, तिला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. मेचा शेवट आला तेव्हा ती सकाळी सात वाजता फोनजवळ बसायची, कशासाठी ते तिला कळत होतं, तरी बसायची. अंगण पांढरं झालं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला. कोकिचीची मुलगी, मिचिरू.

"आत्या, बाबांची गॅलरी रिकामी करतेय. या कुंड्यांचं काय करू? टाकवत नाहीत."

"फुलं आहेत?"

"आहेत बरीच."

"बरीच म्हणजे किती?"

"थांबा, मोजते."

"मनात नको मोजूस," किनुयो म्हणाली. "मोठ्यानं मोज. मला ऐकायचंय."

पलीकडे गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज झाला. "एक," मिचिरू म्हणाली. "दोन. तीन. ही कळी धरायची का, आत्या?"

"धर," किनुयो म्हणाली. "तुझा बाप धरायचा."